दहापैकी चार

नईम गेल्याचा फोन मी तीनदा कापला. वरूडच्या एका संत्र्याच्या पॅकिंग शेडमध्ये कॅमेरे बसवायचं काम ठरत होतं. मालक आणि मी समोरासमोर, मध्ये संत्र्यांच्या क्रेट, आणि बोलणं अगदी शेवटाला आलेलं. सौदा चालू असताना मी फोन घेत नाही. समोरच्याला वाटतं, याला कुठेतरी घाई आहे, आणि तो तिथेच ताणून धरतो. नंबर अनोळखी होता. एकदा कापला, दुसऱ्यांदा कापला, तिसऱ्यांदा तर चिडून कापला. सौदा माझ्या मनासारखा झाला. मग शेडबाहेर ट्रॅक्टरच्या सावलीत उभं राहून मी तो नंबर लावला.

"भाऊ, मी शबाना बोलून राहिली, अकोल्याहून. नईम गेले... पहाटेच. दुपारच्या नमाजनंतर नेतीन त्याहिले."

शबाना भाभी, नईमची बायको. वरूडहून अकोला म्हणजे अमरावती ओलांडून पुढे तेवढाच रस्ता. गाडी कशी चालवली ते आठवत नाही. जुन्या शहरात पोचलो तेव्हा माणसं कब्रस्तानातून परतत होती, काहींच्या हातांना अजून माती होती. पहिलाच फोन घेतला असता तर कदाचित खांदा द्यायला मिळाला असता. सात वर्षं मी त्याच्याशी बोललो नव्हतो आणि त्याचा शेवटचा निरोप घरातून तीनदा आला, तोही मीच कापला.

मी मूळचा वलगावचा. वडिलांच्या वावरात मन रमेना, म्हणून विशीत टीव्हीवर खेळायच्या व्हिडिओ गेमच्या कॅसेटी पिशवीत भरून गावोगाव विकत हिंडायचो. त्या काळात एकदा बिघडलेला गेम घेऊन अकोल्याच्या जुन्या शहरात नईमच्या दुरुस्तीच्या टपरीवर गेलो. टीव्ही, रेडिओ, गेम, तो सगळं उघडायचा. त्याने दुरुस्तीचा भाव सांगितला. मी माझ्या सवयीप्रमाणे गेम उचलला आणि चालायला लागलो. ही माझी जुनी रीत. उठायचं, मागे वळून बघायचं नाही, पावलं जरा मंद टाकायची. मागून हाक येतेच. त्या दिवशी हाक यायला फार वेळ लागला, मी गल्लीच्या तोंडाशी पोचलो होतो. "ओ शेठ! या वापस!" माझ्या चपलेचा अंगठा तुटलेला होता, आणि हा मला शेठ म्हणत होता. परत आलो तर हसत म्हणाला, "हाक तं मारनारच होतो. पन तू कुठलोक जातं, ते पाहून राहिलो होतो." तेव्हापासून मी त्याचा शेठ. पुढे अमरावतीत माझं गेमचं दुकान झालं, मग ते मोठ्या जागेत गेलं, पण शेठ ही पदवी मला त्या तुटक्या चपलेत मिळाली.

नईम मराठी शाळेत शिकलेला. त्याचं लिहिणं स्वच्छ होतं, माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं. अकोल्याच्या एका वर्तमानपत्राच्या पुरवणीत तो व्हिडिओ गेमवर लिहायचा. या विषयावर मराठीत कोणी लिहील आणि ते वऱ्हाडात लोक वाचतील असं मला वाटलं नव्हतं. पण पोरंच काय, त्यांचे बापही वाचायचे, कारण दुकानात येण्याआधी त्यांना पोराला नाही म्हणायला कारण हवं असायचं. त्याची पद्धत ठरलेली. गेम शेवटापर्यंत खेळल्याशिवाय एक ओळ लिहायची नाही, आणि स्वतःचं लिहून पाठवल्याशिवाय दुसऱ्या कुणाचं परीक्षण वाचायचं नाही. "दुसऱ्याचं वाचलं का मंग आपल्या हाताले आपलं बटन सापडत नाही," असं म्हणायचा. शेवटी दहापैकी गुण द्यायचा. त्या गुणांवर माझं अर्धं दुकान चालायचं, हे मी त्याला कधी कबूल केलं नाही.

मग तो यंत्रमानवांचा गेम आला. एका गाजलेल्या सिनेमाच्या नावाचा परवाना घेऊन केलेला. ट्रक धावता धावता उभा राहतो, हातपाय काढतो आणि मारामारी करतो. उन्हाळ्याच्या सुट्ट्या तोंडावर होत्या. मी भरपूर माल उचलला आणि दुकानाबाहेर माझ्या दुप्पट उंचीचा पुठ्ठ्याचा यंत्रमानव उभा केला. पहिली डिस्क नईमला. तो सोमवारी, माझ्या दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी, गेम खेळायचा आपला रिमोट पिशवीत घालून एसटीने अमरावतीला आला. आम्ही दुपारभर खेळलो. दोघांनी मिळून खेळायची सोय होती, दोन यंत्रमानव, एक त्याचा, एक माझा. मला उडीचं बटण सापडेना. मी दर वेळी खड्ड्यात. आणि खड्ड्यात पडलो की समोरच्या राक्षसाला शिव्या घालायचो. "शेठ, तू खेळून राहिला का भाव करून राहिला?" असं म्हणून तो इतका हसला की त्याच्या हातातून रिमोट पडला आणि डाव्या बाजूचं बटण निखळलं. ते त्याने तिथेच सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून बसवलं. चहा दोनदा गार झाला. जाताना मी त्याला म्हणालो, "नऊ तं देशीनच." तो फक्त हसला.

दहा दिवसांनी पुरवणी आली. मथळा होता 'एकच गल्ली पुन्हा पुन्हा'. मी पहिला परिच्छेद वाचला. शहर म्हणून दिलं आहे ते एकाच करड्या गल्लीचं चित्र, फिरवून फिरवून तेच समोर येतं. सिनेमाचं नाव भाड्याने आणलं, पण गोष्ट आणायचं राहून गेलं... मग नजर थेट तळाशी, चौकटीत. दहापैकी चार. माझ्या कपाळाची शीर उडायला लागली. परदेशी वर्तमानपत्रांनी काय म्हटलं ते मी दुकानातल्या संगणकावर शोधलं. तिकडेही मतं फाटलेली होती. बहुतेकांना मारामारी आवडली होती, गल्ल्यांना सगळेच कंटाळले होते. त्यातली सात-आठ गुणवाली तेवढी मी छापून घेतली, लाल पेनाने खुणा केल्या आणि अकोला गाठलं.

तो एका रिमोटचं पोट उघडून बसला होता. "ये शेठ."

"काहून बे, चार?" मी पुरवणी त्याच्या टेबलावर आपटली. "त्या दिवशी माह्या दुकानात खो खो कोन हसून राहिलं होतं? जागचा हालला नाही तू. अन् लेहेलं काय, तं एकच गल्ली!"

"गल्ली एकच आहे ना पन."

"हे पाय. यानं सात देले. यानं आठ."

"त्याहिनं त्याहिचं लेहेलं. म्या माह्यं लेहेलं." मग त्याने हातातला पेचकस खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. "पुरं वाचलं का तू?"

"वाचलं."

"पुरं?"

"हो, पुरं! शब्दन् शब्द. दोस्तासाठी एक ओळ बरी लेहाले काय झालं होतं तुले?"

त्याचा चेहरा एकदम पडला. मला वाटलं, जिंकलो. सौद्यात समोरच्याचा चेहरा पडला की मी ओळखतो. तो पेचकस उचलून पुन्हा कामाला लागला. मग मी माझी रीत वापरली. उठलो आणि चालायला लागलो. मागे वळलो नाही, पावलं मंद टाकली. गल्लीचं तोंड आलं. मोर्णेचा पूल आला. पुलावर तर मी उगाच थांबून नदीकडे बघितलं... हाक आली नाही.

सात वर्षं हीच गोष्ट मी मनात धरून बसलो. त्याने हाक मारली नाही. खरं सांगायचं तर त्या डिस्का पडून राहिल्या, पण त्याच्या चारमुळे नाही. पोरं तोवर मोबाइलवर खेळायला लागली होती आणि पुढच्या दोनएक वर्षांत माझा तो धंदाच बसला. मी कॅमेऱ्यांकडे वळलो. तेव्हाच गाडी काढून अकोल्याला जाता आलं असतं. पण भाव मी आधी वाढवून देत नाही.

नईमच्या चाळिसाव्या दिवसानंतर शबाना भाभींना भेटायला गेलो. त्यांनी चहा ठेवला. मी बसलो आणि न विचारता माझी तक्रार मांडली; मेलेल्या माणसाबद्दल त्याच्याच घरात बसून. त्याने हाक मारायला हवी होती, म्हणालो. आजारी होता तर कळवायला हवं होतं, म्हणालो. भाभींनी सगळं ऐकून घेतलं. मग आतून एक फाइल आणली, त्यात त्याचं सगळं लिखाण कापून चिकटवलेलं.

"मी म्हणत होती त्याहिले, हाक मारा म्हणून. तं म्हणे, पुरं वाचूनई भांडाले आला तो. आता कोन्या तोंडानं हाक मारू?" त्यांनी एक पान उघडून माझ्यापुढे धरलं. "भाऊ, खरं सांगा. वाचलं होतं तुमी?"

शेवटचा परिच्छेद मी त्या दिवशी पहिल्यांदा वाचला. "हा खेळ एकट्याने खेळू नये. मात्र तुमचा एखादा तापट मित्र असेल, तर त्याला शेजारी बसवा. अमरावतीच्या माझ्या मित्राला शेवटपर्यंत उडीचं बटण सापडलं नाही आणि मला हसून हसून राक्षस दिसेनासे झाले. ती दुपार या खेळाने दिली नाही, मित्राने दिली. पण खेळाशिवाय ती आली नसती हेही खरं. म्हणून खेळाला दहापैकी चार. दोघं असाल तर आठ."

आठ लिहिलेलं होतं. चौकटीत फक्त चार छापलं होतं, आणि मी चौकट वाचली होती. त्याने मला दोनदा विचारलं होतं आणि मी दोनदा खोटं बोललो होतो... मी ते वाचून, झिडकारून गेलो, असं समजून तो माणूस सात वर्षं जगला. त्याचा चेहरा का पडला ते मला त्या खोलीत कळलं, आणि ते सांगायला तो समोर नव्हता. भाभींना मी खरं काय ते सांगितलं. मग उठून त्यांनी कपाटातून त्याचा रिमोट काढून माझ्या हातात दिला. डाव्या बटणाखाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा तसाच होता.

गेल्या सोमवारी दुकान बंद असताना मी गोदामातून तो गेम शोधून काढला. दोघांचा खेळ लावला. माझा रिमोट मांडीवर, त्याचा शेजारच्या खुर्चीवर. त्या गल्लीच्या टोकाला एक लोखंडी फाटक आहे. दोन्ही यंत्रमानव तिथे आल्याशिवाय ते उघडत नाही. हे मी विसरलो होतो. मी पडत-धडपडत, उडीचं बटण हुडकत टोकाला पोचलो. फाटक बंद. मागे गल्लीच्या सुरुवातीला त्याचा यंत्रमानव उभा होता, जागच्या जागी किंचित डोलत. थोडा वेळ मी फाटकापाशीच उभा राहिलो. मग माझा यंत्रमानव वळवला आणि ती सगळी करडी गल्ली उलटी चालत त्याच्यापर्यंत गेलो.