लिफ्टमामांची खोटी सही

लिफ्टमामा बत्तीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करत आले आणि बत्तीस वर्षं स्वतः जिन्यानेच चढत आले. "आत काय काय असतं ते मला ठाऊक आहे ना!" म्हणायचे. पण गच्चीवरच्या यंत्रखोलीत जाऊन ब्रेक बघितल्याशिवाय तपासणीच्या कार्डावर त्यांनी कधी सही केली नव्हती.

शुक्रवारी गुडघा सुजला. सहा मजले चढवेनात, आणि वॉचमनच्या देखत लिफ्टने जायचं म्हणजे इभ्रतीचा प्रश्न! मामांनी तळमजल्यावर वॉचमनच्याच खुर्चीत बसून 'ब्रेक ठीक' लिहिलं आणि सही ठोकली.

रविवारी सकाळी चर्चमध्ये मिस्सेच्या प्रार्थनेआधी ते कन्फेशनच्या, म्हणजे पापकबुलीच्या रांगेत उभे राहिले. मागून मामी कुजबुजल्या, "अहो, आवरतं घ्या. आत गेलात की बसता ते बसताच!"

जाळीपलीकडे फादर होते. मामांनी नेहमीची यादी लावली. बायकोवर खेकसलो, शेजाऱ्याच्या कुत्र्याला शिव्या दिल्या...

"कुत्रा मागच्या खेपेलाच झाला," फादर म्हणाले. "खरं काय ते बोल."

मामांनी सांगून टाकलं.

"लिफ्ट चालू आहे?"

"आहे. फादर, दोन दिवस घशाखाली घास उतरत नाही."

फादरांनी तिथल्या तिथे क्षमेचे शब्द उच्चारले. मामा बावचळले. "इतक्यात? मी अजून काहीच निस्तरलं नाही!"

"तू निस्तरेपर्यंत देव रुसून बसत नाही, बाबा. प्रायश्चित्त म्हणून सहा मजले. ऊठ, पळ!"

इमारत दोन गल्ल्या पलीकडे. मामा लंगडत पोचले आणि ओरडले, "लिफ्टमध्ये कोणाला सोडू नका!"

"चौथ्या मजल्यावरच्या आजी आत्ताच आत गेल्या की!" वॉचमन म्हणाला.

मामा कसे चढले ते त्यांनाच माहीत. यंत्रखोलीत ब्रेकची पट्टी तेलाने थबथबली होती. लिफ्ट चौथा मजला ओलांडून गेली होती, आणि थांबेचना. एकट्या आजी म्हणजे चिमणीएवढ्या. दोराच्या दुसऱ्या टोकाचं जड लोखंडी वजन लिफ्टला हळूहळू वर ओढत होतं. मामांनी मेन स्विच पाडला आणि हाताने फिरवायचं चाक छातीशी कवटाळलं.

"कोण रे तो वर?" खालून आजी कडाडल्या. "परवाच तपासली म्हणे ही!"

गप्प बसले असते तरी खपलं असतं. आजींना काय दिसणार होतं?

"तपासली नव्हती, आजी! बसल्या जागी खोटी सही केली! चुकलो!"



"आधी मला बाहेर काढ, मेल्या! मग काय चुकायचं ते चूक!"

घामाने हात निसटत होते. मामांनी चाक इंचाइंचाने उलटं फिरवलं आणि धावत वर आलेल्या वॉचमनने चौथ्यावर दार उघडेपर्यंत त्याला लोंबकळून राहिले.

मग चौथ्या मजल्यावर येऊन आजींसमोरच त्यांनी लिफ्ट कंपनीच्या मालकांना फोन लावला. "साहेब, शुक्रवारची माझी सही खोटी आहे. कामावरून काढायचं तर काढा. लिफ्ट मी बंद केली आहे."

पलीकडून मालक बराच वेळ बोलत होते. मामा मान खाली घालून ऐकत राहिले. आजींनी घरातून पाण्याचा पेला आणून त्यांच्या मोकळ्या हातात दिला.