जावयाने जप्त केलेली फळी

जोथम क्विंबीला गावात सगळे ‘तीन घाव’ म्हणत. पाइनच्या बुंध्यावर कुऱ्हाडीचे तीन घाव घातले की राजाचा बाण उमटतो, आणि एकदा बाण उमटला की ते झाड, मग ते तुमच्या स्वतःच्या कुंपणात का असेना, इंग्लंडच्या जहाजांच्या डोलकाठ्यांसाठी राखीव. न्यू हॅम्पशर तेव्हा इंग्लंडच्या राजाची अमेरिकेतली वसाहत; फूटभराहून जाड पाइन तिथे परवानगीशिवाय कुणी तोडायचा नाही, असा कायदा होता. बाण मारायचं काम आमच्या भागात जोथमकडे होतं.

ते तो मनापासून करी. लाच खात नसे, ओळखपाळख पाहत नसे. राजाची जहाजं समुद्रावर आहेत म्हणून फ्रेंच आपल्या उरावर बसलेले नाहीत, एवढं त्याचं साधं राजकारण. लोक कुरकुरत, मोठी झाडं गुपचूप पाडत आणि रुंद फळ्या गवताखाली दडवत. रविवारी प्रार्थनाघराच्या पायरीवर तो दिसला की कुणीतरी हमखास ओरडे, “पोटं आत घ्या रे! तीन घाव आला. फूटभराहून जाड दिसलात तर गेलात राजाकडे!” जोथमही हसे. तेव्हा सगळं हसण्यावारी नेता येत होतं.

त्याचे सासरे हेझेकाया टटल, ओढ्यावरच्या करवत-गिरणीचे मालक. गिरणीच्या माळ्यावर त्यांनी एक फळी वाळत ठेवली होती. आमच्याकडे म्हातारा माणूस आपल्या शवपेटीचं लाकूड आपणच निवडून ठेवतो, त्यात कुणाला काही अभद्र वाटत नाही. झाकण एकसंध हवं, त्याला सांधा नको, हा मात्र प्रत्येकाचा हट्ट. सांध्यातून माती आत जाते. टटलांची फळी दोन फुटांहून रुंद होती आणि तिला औषधालासुद्धा गाठ नव्हती. म्हातारा येता-जाता वर चढून तिच्यावरून हात फिरवी. जोथमला हे सगळं ठाऊक होतं. पण तो त्या माळ्यावर कधी चढत नसे. इतपत डोळेझाक तो सासऱ्यासाठी करी.

मग एका हिवाळ्यात पोर्ट्समथहून लाकडांवरचे मोठे साहेब स्वतःच तपासणीला आले. गिरणीत उभं राहून बुटांवरचा बर्फ झटकत त्यांनी विचारलं, “वर काय आहे, क्विंबी?”

“काही नाही” एवढे दोन शब्द म्हणायचे होते. ते जोथमला जमले नाहीत.

“एक फळी आहे, साहेब.”

फळी खाली उतरवली. साहेबांनी नुसती मान हलवली. जोथमने कुऱ्हाड उचलली, पण ती खाली येईना. तेव्हा सासरेच म्हणाले, “घाला, जावईबापू, घाला. आता लाजू नका. आणि नीट मधोमध घाला, लाकूड चांगलं आहे.”

त्याने तीन घाव घातले. नेहमीसारखेच, इमानाने, खोल. फळी राजाच्या नावाने जप्त होऊन साहेबांबरोबर पोर्ट्समथला गेली.

संध्याकाळी त्याची बायको थँकफुल चुलीपुढे बसली होती. तिने मागे न बघताच विचारलं, “अहो, डोलकाठी अख्ख्या खोडाची करतात ना?”

“हो.”

“मग चिरलेली फळी नेऊन राजा काय करणार?”

इतकी वर्षं बाण मारून हा प्रश्न जोथमला कधी पडला नव्हता. त्या दिवसापासून थँकफुल त्याच्याशी बोलेनाशी झाली. मक्याची भाकरी आणि शिजवलेला घेवडा वेळेवर समोर येई, पण “वाढू का?” एवढंही ती विचारीना. भांडली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटे.

बर्फ वितळलं तसे टटल छातीच्या दुखण्याने अंथरुणाला खिळले. म्हातारा आता उठत नाही, हे सगळ्यांना कळत होतं. जोथमने एक दिवस कोट चढवला आणि चालत पोर्ट्समथ गाठलं. पडेल ते मोजून फळी परत आणायची, निदान म्हाताऱ्याला एकसंध झाकणाखाली निजवायचं आणि मग थँकफुलच्या डोळ्याला डोळा भिडवायचा, एवढंच त्याच्या मनात होतं.

साहेबांच्या घरी त्याला स्वयंपाकघराशी थांबवलं. जेवणघराचं दार उघडंच होतं. आत नवंकोरं टेबल होतं, एकाच फळीचं, मेण लावून चकचकीत केलेलं. रंधा मारून मारून सुताराने मधोमध पार खळगा पाडला होता, तरी तीन रेषा अजून दिसत होत्या. आपला घाव जोथमने लगेच ओळखला.

साहेब नॅपकिनने तोंड पुसत बाहेर आले. “काय रे, इतक्या लांब?”

“साहेब, ते टेबल… ती फळी राजाची आहे.”

“असेल की!” साहेब खदखदून हसले. “राजा जेवायला आला की बसवू त्याला मानाच्या जागी. आणखी काही?”

आणखी काही नव्हतं. जोथम टोपी हातात धरून मागल्या दाराने बाहेर पडला. रस्ताभर त्याला राग आला तो साहेबांचा नव्हे, स्वतःचाच. शेजाऱ्यांच्या शिव्या खाऊन आपण इतकी वर्षं काय राखत होतो, हे त्याने दोन डोळ्यांनी पाहिलं होतं.

परतल्यावर तो थेट सासऱ्यांच्या खाटेशी गेला. त्यांनी उशीवरून मान वळवली. “मिळाली का?”

“जहाजावर चढली, मामा. राजाच्या सगळ्यात मोठ्या जहाजावर.”

म्हाताऱ्याला हसू आलं, हसता हसता खोकला आला. “खोटं बोलणं तुमचं काम नाही, जावईबापू. सांगा आता खरं.”

त्याने खरं सांगितलं. थँकफुल दाराशी उभी राहून सगळं ऐकत होती.

टटल गेले, तोवर साहेबांच्या टेबलाची गोष्ट गावभर झाली होती. झाकण दोन अरुंद फळ्या जोडून करावं लागलं. गाव कबरीभोवती उभं होतं; पहिली माती पडली ती सांध्यावर, आणि बारीक धार धरून आत गेली. सगळ्यांनी पाहिलं. खानावळीत कित्येक वर्षं कुणी ना कुणी पत्रकं वाचून दाखवत होतं, कर, पार्लमेंट, हक्क, आणि आमची माणसं सफरचंदाची दारू पीत निम्मं ऐकत, निम्मं डुलक्या घेत. त्या दुपारी खानावळीत कुणीही पत्रक वाचलं नाही आणि कुणाला डुलकीही लागली नाही. तीन वर्षांनी राजाच्या फौजेशी लढायला बंदुका घेऊन बोस्टनकडे गेलेल्यांतले बहुतेकजण त्या कबरीशी उभे होते.

जोथमने काम सोडलं. पण तेवढ्याने कुणाचा विश्वास परत मिळाला नाही. तो खानावळीत शिरला की बोलणी थांबत. रुंद लाकडाबद्दलचा दंड न भरणाऱ्या गिरणीवाल्यांना पकडायला साहेब शिपाई घेऊन आले आणि खानावळीतच उतरले, तेव्हा पहाटे काय करायचं ठरलंय हेही त्याला कुणी सांगितलं नाही. खिडकीतून त्याला माणसं जाताना दिसली. हातात फटके द्यायला छड्या आणि ओळख पटू नये म्हणून तोंडाला काजळी.

तो चुलीशी गेला, तिथली काजळी बोटांवर घेऊन त्याने कपाळाला, गालांना फासली. मग थांबला.

“पाणी दे,” तो म्हणाला.

थँकफुल उठली होती. तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. “ओळखलं तर फासावर चढवतील.”

“ओळखू दे.”

तिने फडकं भिजवलं आणि त्याच्या हाताला न देता स्वतःच पुसायला लागली. “हला नका. कानामागचं तुम्हाला दिसायचं नाही.” इतक्या महिन्यांनी आलेलं ते बोलणं ऐकून त्याला रडूच फुटलं, आणि तेही तिने पुसून घेतलं.

खानावळीच्या जिन्यावरून साहेबांना झोपायच्या कपड्यांतच खाली आणलं होतं. काळी तोंडं दोन्ही बाजूंना सरली आणि त्यांतून एक स्वच्छ तोंडाचा माणूस पुढे आला.

“क्विंबी!” साहेबांच्या जिवात जीव आला. “सांग यांना! तू राजाचा माणूस आहेस!”

“नाही, साहेब,” जोथम म्हणाला. “मी टटलांचा जावई.”

आणि शेजारच्या काळ्या तोंडाने आपल्या हातातली छडी त्याच्यापुढे धरली.