कौशल्याक्का दोन दिवस जास्त राहिल्या

बेंगळुरूजवळच्या आनेकलच्या कपड्यांच्या कारखान्यात कौशल्याक्कांनी एकतीस वर्षं काढली. लाईनवरून आलेला माल तपासायचा आणि कुठे टाका सुटला असेल, शिवण उसवली असेल, तर हातानं अशी दुरुस्त करायची की कुणाला पत्ता लागू नये, हे त्यांचं काम. जास्त करून परदेशी जाणाऱ्या अर्ध्या चड्ड्या असायच्या. समुद्रावर घालायच्या, माड आणि होड्या छापलेल्या. अक्कांनी स्वतः मात्र समुद्र पाहिलेला नव्हता. माहेर होसकोट्याचं, सासर आनेकलचं, आणि पिढ्यान् पिढ्या इकडेच राहिलेल्या त्यांच्या मराठी घरात प्रवास म्हणजे तिरुपती, नाहीतर कुणाचं तरी लग्न.

निवृत्तीला महिना राहिला तेव्हा त्यांच्या लाईनची सुपरवायझर मनस्विनी सगळ्यांच्या वतीनं विचारायला आली. अक्कांच्या निम्म्या वयाची पोरगी.

"अक्का, काय देऊ? समई की मिक्सर?"

"समया घरात तीन आहेत," अक्का म्हणाल्या. "मला समुद्र दाखवा."

मनस्विनी हसली. मग अक्कांच्या तोंडाकडे बघून हसायची थांबली. संध्याकाळी सुट्टीचा भोंगा होईपर्यंत मनस्विनीसकट लाईनवरच्या अकरा बायका यायला तयार झाल्या होत्या. मनस्विनीची मावशी होन्नावरच्या पुढे समुद्रकाठच्या एका खेड्यात राहत होती, तिच्याकडे उतरायचं ठरलं.

अक्कांचे यजमान जयसिंगराव ऐकून म्हणाले, "जा की. मी करून घेतो स्वल्प भात-सारू." सार करणं दूरच, त्यांना साधा कुकर लावता येत नव्हता. निघायच्या दिवशी अक्कांनी तो शिकवला आणि किती शिट्ट्या ते कॅलेंडरवर लिहून ठेवलं.

दिवाळी उलटून गेली होती. शनिवारी सकाळी बारा जणी मावशीच्या अंगणात पिशव्या टाकून तशाच माडांमधल्या वाटेनं निघाल्या. आधी नुसता आवाज आला. अक्कांना वाटलं, पलीकडे मोठा रस्ता असेल. मग वाट संपली.

त्यांच्या मनात समुद्र म्हणजे खूप मोठं तळं होतं. हे पाणी तर चालून येत होतं. बाकीच्या साड्या खोचून धावत सुटल्या, अक्का होत्या तिथेच वाळूत बसल्या. मनस्विनी परत आली, हात धरून त्यांना पाण्यापर्यंत घेऊन गेली. पहिली लाट आली, परत जाताना टाचांखालची वाळू घेऊन गेली, आणि अक्कांनी मनस्विनीच्या गळ्याला मिठी मारली. मग त्या हसायला लागल्या. एकतीस वर्षांत कारखान्यात कुणी त्यांचं असं हसणं ऐकलं नव्हतं. दुपारी जेवायला हाका मारल्या तरी त्या गुडघाभर पाण्यातच उभ्या.

रविवारी सकाळी अक्का दिसेनात. मनस्विनी शोधत किनाऱ्याला आली, तर अक्का एका उलट्या होडीच्या सावलीत कोळणींच्या घोळक्यात बसलेल्या. मांडीवर फाटलेलं जाळं, हातात दोरा गुंडाळलेली लाकडी सुई.

झालं होतं असं. फिरता फिरता त्या जाळं शिवणाऱ्या बायकांपाशी थांबल्या. त्यातली नागवेणी नावाची बाई, साठीची, काळीशार, कानात सोन्याच्या मोठ्या कुड्या, गाठ मारायची आणि पुढच्या गाठीवर जायची. अक्का बराच वेळ बघत राहिल्या. मग न राहवून म्हणाल्या, "तिथं एक घर मोठं झालं."

नागवेणीनं पाहिलं. खरंच जाळ्याचं एक घर मोठं झालं होतं.

"तुका येता हें?" तिनं कोकणीत विचारलं.

अक्कांना ते कळलं, याचंच त्यांना आधी नवल वाटलं. "जाळं नाही येत," त्या आपल्या मराठीत म्हणाल्या, "पण शिवायचं येतं."

"बैस गो मग."

चौथ्या गाठीला अक्कांचा हात बसला. दहाव्या गाठीनंतर नागवेणीनं बघायचं सोडून दिलं आणि आपल्या सुनेच्या तक्रारी सांगायला घेतल्या. एक कोकणीत बोलत होती, दुसरी कन्नड मिसळलेल्या मराठीत, आणि कुणाचं काही अडत नव्हतं.

तेवढ्यात रापण ओढायची हाक आली. पहाटे होडीनं समुद्रात सोडलेलं ते लांबच लांब जाळं, दोन्ही टोकांचे दोर धरून सगळं गाव किनाऱ्यावर ओढून घेतं. नागवेणी उठली, अक्कांना म्हणाली, "चल." अक्कांनी आपल्या अकरा जणींना बोलावलं. दोराला हात लागले. "ओड गो, ओड," नागवेणी ओरडायची आणि मशीनवर पाय मारणाऱ्या त्या बायका टाचा वाळूत रोवून ओढायच्या. तासाभरानं जाळ्याचं पोट वर आलं, आत बांगडे उड्या मारत होते, चांदीसारखे. वाटे पडले तेव्हा गावकऱ्यांनी पाहुण्यांचाही वाटा बाजूला काढला.

दुपारी बांगड्याच्या आमटीवर ताव मारून सगळ्या परतीच्या गाडीसाठी आवरायला लागल्या. अक्कांनी पिशवी भरली नाही.

"परवा तुळशीचं लग्न आहे नागवेणीकडे," त्या म्हणाल्या. "मला राहा म्हणाली."

"एकट्या?" मनस्विनीनं विचारलं.

"एकटी कुठं? तिच्या घरात नऊ माणसं आहेत."

जयसिंगरावांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "सरी, राहा. पण तीन शिट्ट्या भाताला की डाळीला?"

नागवेणीच्या अंगणातल्या वृंदावनात ऊस, आवळ्याची फांदी आणि चिंचा खोचलेल्या पाहून अक्कांना आपलंच घर आठवलं. दिवे लागले, अंतरपाट धरला, आणि मंगलाष्टकं म्हणणारे काका पुढचं विसरले. अक्का मागे उभ्या होत्या. त्यांनी आपल्या आईकडून पाठ झालेली मराठी मंगलाष्टकं खणखणीत आवाजात म्हटली. सगळ्यांनी अक्षता टाकल्या. नागवेणीनं पोह्यांचा पहिला द्रोण अक्कांच्या हातात दिला.

बुधवारी सकाळी जयसिंगराव त्यांना घ्यायला बेंगळुरूच्या स्टेशनावर उभे होते. आनेकलच्या बसमध्ये बसल्यापासून अक्का बोलत होत्या: जाळ्याची गाठ कशी असते, वाळू पायाखालून कशी सरकते, नागवेणीची सून खरं तर किती गुणाची आहे. एरवी बसमध्ये बसताच डोळे मिटणारे जयसिंगराव मध्ये मध्ये "मग?" म्हणत होते.

पुढच्या बाकावरची बाई शेवटी मागे वळली. "ते गाव कुठं आलं, अक्का?"

अक्कांनी पिशवी मांडीवरून खाली ठेवली आणि तिला पहिल्यापासून सांगायला घेतलं.