निळं पिंप

माझ्या दिराच्या बोटीवर मागच्या कोपऱ्यात एक निळं पिंप असतं. झाकणावरून तो दोरीचे वेढे घालतो, कारण आतला माल उन्हात फुगतो आणि झाकण उडतं. मी मासे खाणाऱ्या घरात जन्मले आणि मासे मारणाऱ्या घरात दिली गेले, त्यामुळे मासळीच्या वासाला नाक मुरडायची चैन मला कधी मिळाली नाही. पण त्या पिंपाजवळ मीही नाकाला पदर लावते. बाजारातली टाकाऊ डोकी, आतडी, रक्ताचं पाणी आणि वरून ओतलेलं माशाचं तेल, हे सगळं गल्फच्या उन्हात दोन-तीन दिवस मुरवलेलं. हे माणसांसाठी नाही, शार्कसाठी आहे, असं दीर सांगतो. मला ते काही पटत नाही. ते सगळं माणसांसाठीच आहे.

दिराची डायव्हिंगची बोट आहे, पूर्वेकडच्या किनाऱ्यावर. एक भागीदार आहे, पण बोटीवर तोच असतो. लोकांना हवेच्या टाक्या बांधून पाण्याखाली नेतो आणि शार्क दाखवतो. आता शार्क काही कुणाच्या वेळेवर येत नाही. कधी दिसते, कधी दिवस फुकट जातो. लोक मात्र पैसे देऊन आलेले असतात, त्यांना दिसायलाच हवी. मग बोट ठरल्या जागी थांबली की पिंप उघडायचं, डबाभर घाण पाण्यात ओतायची, उरलेली जाळीच्या पिशवीत भरून खाली सोडायची. थोड्या वेळात काळ्या टोकांच्या पंखांच्या शार्क गोळा होतात. दीर हातात लोखंडी कड्यांचा मोजा घालून एकेक बांगडा पुढे करतो, आणि त्या त्याच्या हातून घेतात. वर आल्यावर लोक त्याला मिठ्या मारतात. निसर्गाशी नातं जुळलं म्हणतात. मी त्यातल्या एका बाईच्या केसांत आतड्याचा तुकडा अडकलेला पाहिला आहे. तीही नात्याबद्दलच बोलत होती.

आम्ही याच गल्फमध्ये, पण पश्चिमेच्या किनाऱ्यावर, उम्म अल कुवैनला राहतो. नवरा तिथल्याच एका फॅक्टरीत आहे. आमच्याकडची खाडी ताटात ठेवलेल्या पाण्यासारखी, तिच्यात नारळ टाकावासा वाटत नाही. म्हणून कोकणातली आम्ही चार-सहा घरं नारळी पौर्णिमेला डोंगर ओलांडून पूर्वेच्या किनाऱ्यावर जातो. तिथे समुद्र मोकळा आहे. सोनेरी कागदात गुंडाळलेला नारळ, झेंडूची माळ, डब्यात नारळीभात. दर वर्षी आम्ही किनाऱ्यावरूनच नारळ सोडायचो. त्या वर्षी दीर म्हणाला, माझी बोट असताना वाळूत कशाला उभं राहायचं. शिवाय त्या वर्षी सासूबाई गावाहून आल्या होत्या.

सासूबाईंबद्दल सांगायला हवं. सासरे होडी घेऊन गेले ते परत आलेच नाहीत. होडीच्या फळ्या मिळाल्या, ते मिळाले नाहीत. दर्भाचा पुतळा करून सगळं करावं लागलं. आणि दहाव्याला कावळा शिवेना. सासूबाईंनी पिंडापुढे बसून मुलांची नावं घेतली, होडीचं कर्ज फेडीन म्हणाल्या, धाकट्याला शिकवीन म्हणाल्या. ऊन चढलं, गावातले लोक कंटाळले. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला टेकवला आणि सगळे घरी गेले. बोललेलं त्यांनी एकूण एक पाळलं. पण मनातून ती गोष्ट कधी गेली नाही. त्यांचं काहीतरी राहिलं, ते माझ्यावर नाराज होऊन गेले, हे मी लग्न होऊन आल्यापासून ऐकत आलेय. घरात नवी वस्तू आली तरी त्या आधी समुद्राकडे बघायच्या.

तर त्या पौर्णिमेला हार्बरवर सगळ्यांचे आयडी दाखवून आम्ही निघालो. जागा आली, दिराने इंजिन मंद केलं. पुढच्या टोकाला सगळे हात जोडून उभे, माझा नवरा समुद्राला गाऱ्हाणं घालतोय. पुढे बोट जास्त हलत होती म्हणून मी मागे बसले होते, आणि मी पाहिलं की दिराने त्याच वेळी पिंपाचं झाकण काढलं आणि डबा भरून ओतला. एकदा, मग पुन्हा. गाऱ्हाणं चालूच होतं.

नारळ पाण्यात पडला आणि बोटीच्या कडेने मागे आला. त्याच्याभोवती तेलाचा तवंग पसरला होता, झेंडूची फुलं त्यात लडबडली होती, पांढरी आतडी माळेत गुंतली होती. तेवढ्यात पहिली शार्क आली. मग तीन-चार. त्यातल्या एकीने नाकाने नारळ ढकलला, बाजूला झाली, परत आली आणि पुन्हा ढकलला.

मग कुणीतरी म्हणालं, स्वीकारला. लगेच सगळेच म्हणायला लागले. एका काकूंनी द्रोणात नारळीभात घालून पाण्यात सोडला, दुसऱ्यांनी वाकून नमस्कार केला. लोक फोन वर धरून उभे राहिले. आणि सासूबाई खाली बसल्या. कठड्याचा गज धरून त्या पाण्याकडे बघत होत्या आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "शिवलो," एवढंच म्हणाल्या. "शिवलो गे बाये." दहाव्याला न शिवलेला कावळा आता शिवला, असं त्यांना म्हणायचं होतं.

मी दिराकडे पाहिलं. तो त्यांच्याच पोटचा मुलगा. हातात अजून तो डबा होता. त्याने डबा पाठीमागे घेतला.

परतल्यावर पार्किंगमध्ये मी त्याला गाठलं आणि तोंडात येईल ते बोलले. पाण्यात वाट्टेल ते ओतायला परवानगी तरी आहे का, हेही विचारलं. तो म्हणाला, पाण्याखाली कोण बघतंय. मग हसून म्हणाला, "वहिनी, तुम्ही मोरीचं मटण करता, बोटं चाटून खाता. मी त्यांना खाऊ घालतो. आणि वाईट मी?"

मोरी म्हणजे लहान शार्कच. खातो आम्ही, आणि मी ती चांगली करते. त्याचं उत्तर मला पुढे स्वयंपाक करताना सुचलं. मोरी आम्ही पकडतो, मारतो, खातो. गळाला आमिष आम्हीही लावतो. पण माणसाचा हात म्हणजे जेवण, असं आम्ही कुठल्या जनावराला शिकवत नाही. आम्ही तिचे वैरी आहोत हे तिला माहीत असतं, त्यामुळे ती आमच्यापासून लांब तरी राहते. दीर तिला जवळ बोलावतो, आणि त्या जवळ येण्याला प्रेम म्हणून विकतो. हे मी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, जाऊ दे, आई किती दिवसांनी पोटभर जेवतेय बघ.

ते मात्र खरं होतं. सासूबाई दोन वेळा भात मागून घ्यायला लागल्या. गावाला फोन करून सगळ्यांना सांगितलं. रात्री झोपेत बोलायच्या ते बंद झालं. माझ्या तोंडावर कुलूप बसलं ते तिथे.

माझी मुलगी डायव्हिंग शिकली आहे, सुट्टीत काकाच्या बोटीवर व्हिडिओ काढायची. तिला या प्रकाराचा माझ्याही आधी वीट आला होता. एकदा ती म्हणाली, "दे कम फॉर द इंजिन, ममा. इव्हन बिफोर द फूड." म्हणजे पिंप उघडायच्या आधीच, नुसता बोटीचा आवाज ऐकून त्या येतात आणि माणसांच्या हातांभोवती घिरट्या घालतात. हात रिकामा असला की धडका देतात. तिने काकाला सांगितलं, त्याने उडवून लावलं. मग तिने जाणंच सोडलं.

तोवर नारळाचा व्हिडिओ सगळ्या मराठी ग्रुपांवर फिरला होता. पितृपक्ष आला तसे लोक दिराला फोन करायला लागले. कावळे इथेही आहेत, पण वॉचमनची मनधरणी करून गच्चीचं कुलूप उघडायचं, पान ठेवायचं आणि तासभर तापलेल्या पत्र्याखाली कावळ्याची वाट बघायची, याला सगळे कंटाळलेले. दिराने सर्वपित्रीला फेरी लावली. समुद्रात पान सोडायचं, दर्शनाची खात्री. हे शब्द त्याचेच, मी काही पदरचं घातलेलं नाही. आणि त्या फेरीत सगळ्यांच्या पुढे बसवलं आपल्या आईला, कारण व्हिडिओत रडणारी आजी तीच होती. लोकांना ती बघायची होती.

मी जाऊ नका म्हटलं. सासूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी त्यांना माहेरी जाऊ नका म्हटलंय. पहाटे उठून त्यांनी स्वतः वडे तळले, खीर केली, सासऱ्यांना आवडायची ती काळ्या वाटाण्याची उसळ केली. मग मीही गेले.

बोटीवर माणसं दाटीने बसली होती. प्रत्येकाच्या मांडीवर फॉइलमध्ये बांधलेलं पान, त्यात आपापले वाडवडील. पिंपाचा वास आणि उदबत्तीचा वास एकत्र. "यल्ला, चला, एकेक जण," दीर म्हणत होता. बोटीच्या मागे पाण्यालगत एक फळी असते, डायव्हर तिथून उतरतात. त्याने आईला तिथे बसवलं, एक जण समोरून शूटिंग करत होता. शार्क आधीच आल्या होत्या, पिंपाची दोरीसुद्धा अजून सुटली नव्हती.

सासूबाईंनी पान दोन्ही हातांनी पाण्यावर ठेवलं. हात लगेच काढले नाहीत. मागच्या वेळी फक्त बघितलं होतं, या वेळी त्यांना हात लावायचा होता. त्यांनी उजवा हात पाण्यात पसरला, मुलाला जवळ बोलावताना पसरतात तसा.

क्षणाचं काम होतं ते. झटका बसला, त्या पुढे ओढल्या गेल्या, मी मागून त्यांच्या पदराला आणि दंडाला धरलं. हात बाहेर आला तेव्हा तळवा फाटून उघडा पडला होता. पानातली खीर लाल झाली. पुढे बसलेल्या लोकांनी आपापली पानं तशीच मांडीवर धरली होती. काय करायचं ते कुणालाच कळेना.

हॉस्पिटलमध्ये दिराने सांगितलं की दोरीत हात अडकला. माझ्यासमोर सांगितलं, डोळे न चुकवता. डॉक्टरांनी जखमेकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं आणि खरं काय ते मला विचारलं. मी सांगितलं. ऑपरेशन झालं, पण दोन बोटं आता कधीच वाकणार नाहीत असं ते म्हणाले.

मला वाटलं होतं की सासूबाई दुखण्याबद्दल बोलतील. त्या बोलल्याच नाहीत. पट्टी बांधलेला हात उशीवर ठेवून वर बघत पडून राहायच्या. खीर गोड कमी झाली का, असं एकदा विचारलं. उपास मोडला होता का आठवत होत्या. मग मला जवळ बोलावून म्हणाल्या, "ते रागावले गे माझ्यार. माजा काय चुकला?"

संध्याकाळी दीर आला. आईच्या पायाशी बसून त्याने भागीदाराला फोन लावला, आम्ही तिथे नाहीच अशा आवाजात. व्हिडिओ काढून टाकलाय. बुकिंग रद्द होतायत. एका मच्छीमाराला सांगितलंय, ती चावणारी शार्क उद्या गळाला लावून काढून टाकेल, जागा ओळखीची आहे, बोट थांबली की येतेच. मग खलास. पुढच्या आठवड्यात सुरू करू.

सासूबाई उठून बसायला लागल्या. सलाईनची नळी ताणली गेली. "झिला, नको," त्या म्हणाल्या. "त्येका मारू नको. तुझ्या बापाशीन धाडल्यान तो. चूक माजी आसा." डाव्या हाताने त्यांनी त्याचा शर्ट धरला होता आणि त्या त्याच्या पाया पडत असल्यासारख्या वाकल्या होत्या.

आणि तो काय म्हणाला, तर, "बरं आई, नाय मारत." म्हणाला आणि माझ्याकडे बघून डोळ्यांनी खुणावलं, की गप्प राहा. ती खूण बघून मला त्याची जी किळस आली, तशी त्या पिंपाचीही कधी आली नव्हती.

मी त्याला खोलीबाहेर जायला सांगितलं. तो गेला. मग मी सासूबाईंच्या जवळ बसले आणि त्यांना पिंपाबद्दल सगळं सांगितलं. त्यात काय असतं, ते कधी ओततात, नारळी पौर्णिमेला तुम्ही पुढे हात जोडून उभ्या होता तेव्हा मागे काय चाललं होतं. त्या शार्क रोज येतात, इंजिनाच्या आवाजाला येतात, कुणाच्याही हाताला येतात. तुमचं काही चुकलं नाही, आई. तिला हातात बांगडा मिळायची सवय होती आणि तुमच्या हातात तो नव्हता, एवढंच. बाबा रागावलेले नाहीत. त्यांचा याच्याशी काही संबंध नाही.

त्यांनी सगळं ऐकलं. मला वाटत होतं, त्यांच्या छातीवरचं ओझं आता उतरेल. त्यांनी आपल्या बांधलेल्या हाताकडे पाहिलं.

"म्हणजे पयल्या खेपेक पण," त्या म्हणाल्या, "ते येवंक नाय होते."

मग त्यांनी चांगल्या हाताने चादर खांद्यापर्यंत ओढून घेतली आणि भिंतीकडे तोंड केलं.