धागा जोडते, मग सांगते

झिला ग्रीनहाल्श दिवसा गिरणीत चार माग चालवायची आणि संध्याकाळी कादंबऱ्या लिहायची. तिसऱ्या कादंबरीवर मूकपट निघाला, तेव्हा कुठे तिने गिरणी सोडली. तीही मागावरचं कापड पुरं विणून.

शेजारचे माग मार्थाचे. त्या खडखडाटात कानाला काही ऐकू येत नाही. लँकेशायरच्या विणकरणी एकमेकींचे ओठ वाचून बोलतात, चहाड्यासुद्धा तशाच करतात. झिला आणि मार्था वीस वर्षं अशाच बोलल्या.

सिनेमा गावात लागला त्या शनिवारी मार्था गिरणीतलं अख्खं विणाई खातं घेऊन आली. लाकडी तळाच्या बुटांनी थिएटर दणाणलं. मांडीवर व्हिनेगर घातलेले काळे वाटाणे, बाजूला नवरा जेबेझ.

"यात माझं वाक्य आहे," ती ज्याला त्याला सांगत होती.

"बाईसाहेब आता टोपीला पिसं लावणार," मागून कुणीतरी म्हणालं.

जेबेझने लग्नाचं विचारलं तेव्हा मार्थाच्या मागावरचा धागा तुटला होता. "थांब. धागा जोडते, मग सांगते," ती म्हणाली होती. झिलाने ते जसंच्या तसं नायिकेच्या तोंडी घातलं होतं.

पण सिनेमा कंपनीने पडद्यावर संवादाची अक्षरं येतात त्यांत ते बदललं होतं. झिलाला हे कालच कळलं. मार्थाला सांगायचा धीर झाला नाही. आता सगळ्या खात्यासमोर तिचं हसं होणार होतं.

तो प्रसंग आला. पडद्यावर गिरणीमालकाचा मुलगा नायिकेच्या मागापाशी गुडघ्यावर बसला. झिलाने मान खाली घातली.

थिएटरात हशा पिकला. झिलाने वर पाहिलं. पडद्यावर अक्षरं होती, 'प्रियतम, हे जीवन तुमच्या चरणी.' ती कुणीच वाचत नव्हतं. मार्था उभी होती.

"बघितलंत? म्हणाली की नाही?"

मग झिलाच्या डोक्यात प्रकाश पडला. चित्रण चाललं होतं तेव्हा नटीला मागावर उभं करून मार्थाचं ते वाक्य झिलानेच घोटून घेतलं होतं. अक्षरं मागाहून बदलली. ओठ कोण बदलणार?

"बरोबर," जेबेझ म्हणाला. "मी टोपी चुरगाळत उभा होतो."

"उभा कसला, थरथरत होतास."

पुन्हा हशा. पियानोवाला वाजवायचा थांबून मागे बघू लागला.

झिलाने तीन रांगांवरून, आवाज न करता, नुसत्या ओठांनी विचारलं, "आवडलं?"

मार्थानेही तसंच उत्तर दिलं, "धाग्याची गाठ ढिली मारते पडद्यावरची पोरगी. पण बोलते बरी."