गुणमालाकाकूंचा वज्रनाग

विश्रामबागच्या गुणमालाकाकू गुडघ्याच्या ऑपरेशननंतर मोबाइलवर राक्षसांच्या झुंजी खेळायला लागल्या आणि बघता बघता इस्लामपूरच्या स्पर्धेत अंतिम फेरीला पोचल्या. त्यांचा वज्रनाग नावाचा राक्षस एका फटक्यात कुणालाही आडवा करायचा, पण त्यानंतर एक डाव झोपायचा. अंतिम फेरीत समोरच्या यशराजनं त्याच्या धास्तीनं पहिल्यापासूनच ढाली वापरल्या. काकूंनी नुसतं आपलं दुसरं पात्र, कासव, पुढं ठेवलं. ढाली संपल्यावर नाग काढला आणि यशराजचा राक्षस एका फटक्यात संपला.

“काकू, आधीच का न्हाई काढला?” यशराजनं विचारलं.

“फटका तुझ्या ढालीवर वाया गेला असता. मग तो झोपल्यावर तू मारला असतास की रं बाळा.”

बक्षीस समारंभ रात्री आठला होता. काकूंना जैन रिवाजाप्रमाणं सूर्यास्ताआधी घरी जेवायचं होतं, म्हणून बक्षीस न घेताच त्या निघून गेल्या.