कावळ्याने नापास केलेला पंखा

आमचा पंखा पास झाला. हे वाक्य तुम्ही वाचलेलंच नाही असं धरू, कारण अजून दुपारचे दोन वाजलेत आणि पंखा दोनदा नापास झालेला आहे. चार वाजता तिसरी आणि शेवटची चाचणी. मीटरवर त्याचा आवाज जुन्या पंख्याहून कमी भरतो. ऐकायला बसवलेली आठ माणसं मात्र तक्रारीच्या रकान्यात लिहितात, 'डोकं उठतं'. आज पुन्हा तेच लिहिलं, तर पंखा भंगारात आणि मी घरी.

कारखान्यात एक मुकी खोली आहे, तिच्या भिंती आवाज गिळतात. तिथे पंखा लावून मी बसलोय. डोळे मिटतायत.

"निहारसाहेब, पाय काढ."

फिटर सोनटक्केमामा. माझ्या पायाखालून पाना ओढून घेतात. मी हादरतो, कारण मामांना जाऊन आठ महिने झाले. खांदा मीच दिलाय.

"मामा, तुम्ही वारलात."

"माहितीये. मी होतो तिथे."

खोलीला आता भिंती नाहीत, गोदाकाठ आहे. मामांचा दहावा चाललाय. आभाळातून आमचा पंखा लोंबतोय, खाली पिंड. कावळा येतो, मान तिरकी करतो, मागे सरकतो. भटजी घड्याळ बघतात.

"शिवत का नाही?" मी मामांना विचारतो.

"तुझा पंखा ऐकतोय तो."

"पण मीटरवर दोन डेसिबल कमी आहे."

"मग मीटरलाच वीक. चारी पाती सारख्या अंतरावर, म्हणून एकच सूर धरतो, डासासारखा. डास काय मोठ्यानं ओरडतो? तरी झोप लागते का तुला? कान त्या एका सुरालाच चिकटतो. अंतरं कमीजास्त कर. सूर फुटेल, नुसता वारा ऐकू येईल. समोरासमोरची जोडी तेवढी सरळ ठेव, नाहीतर डुलेल."

"हे जिवंतपणी का नाही सांगितलंत?"

"तीनदा सांगितलं. तू कानाला हेडफोन लावून आवाज मोजत होतास."

मामा कशालाच न टेकलेली शिडी चढतात, पंख्याला हात घालतात. कावळा पिंडावर उतरतो.

मला जाग येते. पंखा बंद आहे. मधल्या तबकडीवर सुतारी पेन्सिलीच्या चार रेघा. दोन अंतरं मोठी, दोन लहान. मी पेन्सिल शाळेनंतर धरलेली नाही. मी त्या रेघांवर नवी भोकं पाडतो आणि पाती तिथे बसवतो.

चार वाजता आठही माणसं रकाना कोरा ठेवतात. एक जण घोरतो.

प्रति, मनुष्यबळ विभाग. कै. दगडू सोनटक्के, फिटर, यांच्या मृत्यूमुळे काढलेला कार्यमुक्तीचा आदेश रद्द करून त्यांना उद्यापासून दुपारच्या पाळीत रुजू करून घ्यावे, ही नम्र विनंती. अर्जदार त्यांचे म्हणणे ऐकून घेण्यास तयार आहे.